तीन नंबरचं टेबल

“मामा, तू शेवटचे हात कधी धुतलेस?”

पैज अशी होती की प्रश्न भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत आणि न हसता विचारायचा. भिंगरीने तो तसाच विचारला आणि हनुवटी पुढे काढून उत्तराची वाट पाहत उभी राहिली. तिच्या वर्गातल्या दोघी, चष्मिस आणि पेंगूळ, मागे भिंतीला चिकटून एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. भिंगरी विचारणार नाही याची दोघींना खात्री होती, आणि आठ महिन्यांपूर्वीची भिंगरी असती तर तिने खरंच विचारलं नसतं.

भिंगरी हे घरचं नाव. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून पडलेलं. पण घराचा उंबरठा ओलांडला की हीच भिंगरी गोगलगाय व्हायची. हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज घशात अडकायचा आणि बाई तिला गैरहजर मांडून मोकळ्या व्हायच्या. मग तिने मामाच्या हॉलमध्ये पूल या टेबलावरच्या खेळाचा क्यू, म्हणजे बॉल मारायची लांब काठी, हातात धरला, आणि आठ महिन्यांत पोरगी अशी काही उमलली की वर्गात बडबडीसाठी तिला दोनदा बाकावर उभं केलं गेलं. आईने ती शिक्षा नातेवाइकांना बक्षिसासारखी सांगितली.

मामा हा तसा सगळ्या हॉलचाच मामा. निवृत्त पोस्टमास्तर त्याला मामा म्हणत, कॉलेजातली टाळकी मामा म्हणत. रक्ताचा मामा तो एकट्या भिंगरीचा, तिच्या आईचा धाकटा भाऊ. बंद पडलेल्या छापखान्याच्या डोक्यावर सहा टेबलांचा हॉल, तीच त्याची इस्टेट, आणि पूल शिकवणं हा त्याचा धंदा. खेळायला उभा राहिला की त्याच्याकडे बघत राहावं. खेळून झालं की मात्र बघू नये.

कारण प्रश्न उगाच नव्हता. वहीचं पान उलटायला मामाचं बोट जिभेवर जायचं, तिथून नाकात, आणि नाकातून थेट पांढऱ्या बॉलवर. क्यूच्या टोकाला लावायचा निळा चौकोनी खडू असतो, त्याच्या कोपऱ्याने तो कान खाजवायचा आणि डोळे मिटून ‘आहाहा’ करायचा. मग तोच खडू पुढच्या खेळाडूच्या हातात. भिंगरीने एकदा त्या खडूवर एक पिवळा कण पाहिला होता. त्यानंतर दोन दिवस तिला अंडं गिळवलं नव्हतं. पांढरा बॉल तर पांढरा म्हणायचा म्हणून. जुन्या दाढेसारखा त्याचा रंग, हातात घेतला की बोटांना किंचित धरून ठेवायचा आणि सोडताना च्क करायचा. पॉकेटांच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकांच्या, जाळीदार पिशव्यांत हात घालायची वेळ आली की मुली नाणं उडवून ठरवत, कुणी घालायचा. तळाशी केस असत, खडूचा चिखल असे, कुणीतरी चघळून टाकलेलं च्युइंगम असे, आणि एकदा तर अख्खं अर्धचंद्राकृती नख निघालं होतं. अंगठ्याचं. पायाच्या.

मामा हसला. सगळे हसले म्हणून हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, खेळाडूचे हात आहेत हे, नवरीचे नव्हेत. आणि भाचीबाई एवढ्या सोवळ्या झाल्याच असतील तर बादली मागच्या खोलीत आहे, साबण आहे, धुवा की. त्याला क्यूंची टोकं बदलून आणायला कारागिराकडे जायचं होतंच. चार क्यू काखेत मारून तो जिन्यापर्यंत गेला आणि परत वळला.

“बॉल धू काय धुवायचे ते. तीन नंबरच्या कापडाला हात लावायचा नाही.”

तीन नंबर म्हणजे सरावाचं टेबल. मामाचा सिद्धांत असा की सामने खेळून कुणी शहाणं होत नाही, सराव करून होतं. त्याचे चार सराव होते आणि चौघांनाही त्याने घरगुती नावं दिली होती. ‘रेघ’ म्हणजे पांढरा बॉल, दुसरा बॉल आणि पॉकेट एका सरळ ओळीत, आणि दुसरा आत गेला की पांढरा जागच्या जागी खिळला पाहिजे. ‘शिडी’ म्हणजे पांढरा दुसऱ्याला धडकला की त्याला मागे खेचायचं, आधी एक वीत, मग दोन, मग तीन. ‘घड्याळ’ म्हणजे बारा बॉल गोलात मांडून, पांढरा काठाला न लागू देता बाराही आत घालायचे. भिंगरीला रेघेचा कंटाळा, शिडी तिला जमेना आणि घड्याळात तिचं डोकं गरगरायचं.

चौथा ‘काटकोन’. तो तिचा जीव की प्राण. पंधरा बॉल काटकोनात मांडायचे आणि एका टोकापासून एकेक करत कोपऱ्याच्या पॉकेटात घालायचे. एक चुकला की खेळ खलास, तिथवर गेले तेवढा तुमचा आकडा. दर वेळी बॉल त्याच जागी बसावेत म्हणून मामा कापडावर कागदी कडी चिकटवायचा, फायलीतल्या कागदाच्या भोकांना लावतात तसली. बाकीच्या टेबलांवर ती सराव संपला की निघत. तीन नंबरवर ती वर्षानुवर्षं तशीच होती, कडेने काळी पडलेली, जुन्या खपल्यांसारखी.

भिंगरीचा काटकोनाचा आकडा चौदा होता. हॉलमधल्या आकड्यांच्या फळ्यावर सगळ्यात वर. तिचा हात लोण्यासारखा आहे असं मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा: बाकीची पोरं धसमुसळी, ही बघा कशी हळूच ढकलते आणि बॉल कसा समजूतदार पोरासारखा घरी जातो. तिच्याखाली काडीचा आकडा, नऊ. काडी म्हणजे शिंप्याची मुलगी, अंगाने काडीच, आणि बोलायला त्याहून कमी. ती नेहमी पाच नंबरवर असायची, खिडकीजवळच्या.

येत्या रविवारी शाळकरी मुलींची स्पर्धा होती, मोठ्या शहरात, आणि प्रत्येक हॉलमधून एकच मुलगी जाणार होती. कोण जाणार ते काटकोनाच्या आकड्यावरून ठरायचं. ठरलंही होतं. शाळेच्या फलकावर भिंगरीचा फोटो लागला होता, मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माइकवरून ‘पंधरापैकी चौदा’ असं दोनदा सांगितलं होतं, आणि जी पोरगी हजेरी देऊ शकत नव्हती तिच्यासाठी सहाशे मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तर ही भिंगरी बादली घेऊन बसली. साबणाचं पाणी तिसऱ्या बॉललाच राखाडी झालं आणि सहाव्याला त्यावर निळसर तवंग धरला. पेंगूळ, जी इतिहासाच्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपू शकते, ती टक्क जागी झाली आणि म्हणाली की आमचे आजोबा कवळी ठेवतात ती वाटी अशीच दिसते. चष्मिसने हाताने तोंड दाबलं. मग तो हात आत्ता कुठे होता ते तिला आठवलं आणि ती थुंकायला धावली. आठ महिने ज्याला सगळे तपकिरी समजत होते तो पाच नंबरचा बॉल नारिंगी निघाला. पांढऱ्याला तर तीनदा घासावं लागलं. त्याच्यावरून नखाने सोललं तर पापुद्रा निघत होता, आणि तो पापुद्रा म्हणजे आठ-दहा वर्षांचे घाम, खडू आणि मामाचं नाक यांचं मिश्रण आहे हे कळल्यावर भिंगरीने डोळे मिटून, श्वास रोखून उरलेलं काम केलं.

सोळा बॉल पुसून झाले. इथे थांबायला हरकत नव्हती. पण मूळची भिंगरीच ती. एवढे लखलखीत बॉल त्या मळकट कापडावर ठेवायचे म्हणजे आंघोळ करून पुन्हा तेच कपडे घालण्यासारखं, असं ती म्हणाली, आणि कपाटातला लांब केसांचा ब्रश काढून तीन नंबरवर चालवायला लागली. मामाने बजावलेलं तिला आठवत होतं. त्यामुळेच हात जरा जास्त जोरात चालला.

धूळ पिठासारखी उडाली. निळी, आणि त्यात काहीतरी पांढरं, ज्याला चष्मिसने कोंडा म्हटलं आणि मग सगळ्यांनीच त्याबद्दल बोलणं बंद केलं. किती निघाली ते बघायला भिंगरी वाकली, गाल जवळजवळ कापडाला लागेपर्यंत. दिव्याचा उजेड आडवा पडला होता.

कापडावर वाटा होत्या.

प्रत्येक कागदी कड्यापासून एक बारीक, गुळगुळीत, चकचकीत खाच निघाली होती आणि वळणावळणाने नव्हे, सरळ कोपऱ्याच्या पॉकेटाकडे गेली होती. मुंग्यांच्या रांगांनी भिंतीवर पडतात तशा. एरवी धुळीने आणि मळाने त्या भरून गेलेल्या असत, वरून बघितलं तर कापड सपाट दिसे. कड्यांच्या आत बोट फिरवलं तर खळगा लागत होता. वर्षानुवर्षं त्याच जागी बॉल ठेवून, वरून दुसऱ्या बॉलने ठोकून बसवायची मामाची सवय होती.

चष्मिसने एक बॉल कड्यात ठेवला आणि क्यूशिवाय, नुसत्या बोटाने, मुद्दाम वाकडा ढकलला. बॉल डावीकडे निघाला, जरा डुगडुगला, मग जणू कुणीतरी हाक मारली असावी तसा वळला, वाटेला लागला आणि पॉकेटात पडला.

“ई,” चष्मिस म्हणाली. “हे बघ ना, कसं अळीसारखं जातंय.”

मग पेंगुळने केलं. पेंगुळने जन्मात क्यू धरला नव्हता. तिने डोळे मिटले, बॉल एकेक करत हळूच ढकलले, आणि दहापैकी सात घातले. सातवा पडला तशी ती हसत सुटली. भिंगरी हसली नाही. हळूच ढकललेला बॉल घरी जात होता. जोरात मारलेला मात्र खाच ओलांडून काठावर आपटत होता. लोण्यासारखा हात.

ती क्यू घेऊन पाच नंबरवर गेली. नवी कडी चिकटवली, पंधरा बॉल मांडले. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा काठ घासून कसाबसा पडला, चौथा पॉकेटाच्या ओठावर येऊन थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. तीन. पुन्हा मांडले. दोन. पुन्हा. तीन. मैत्रिणी आधी ‘अगं, दमलीस तू’ म्हणत होत्या, मग गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या हे जास्त वाईट होतं.

एवढ्यात काडी आली. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी, चप्पल दाराशी सरळ लावून. तीन नंबरवरचा ब्रश, पाच नंबरवर मांडलेले बॉल आणि भिंगरीचं तोंड एवढं बघून तिला काय ते समजलं असावं. भिंगरीने तिला क्यू दिला आणि मांडलेलं होतं ते खेळायला सांगितलं. काडीने नऊ घातले, दहावा चुकला. हात पुसून तिने क्यू परत केला.

“तुला माहीत होतं,” भिंगरी म्हणाली.

काडीने होकाराची मान हलवली. पहिल्या महिन्यात ती तीन नंबरवर खेळली होती. एकदा बॉल वळताना दिसला तेव्हा तिने मामांना सांगितलं. मामा म्हणाले की फार डोळे तेज आहेत तुझे, मग पाच नंबरवरच खेळ, आणि ही बडबड बाहेर गेली तर पाचही मिळणार नाही.

“मग मला तरी सांगायचंस.”

“तूच मला शिकवत होतीस ना,” काडी खाली बघत म्हणाली. “हात मऊ ठेव म्हणून.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. भिंगरीला सगळं आठवलं, एकेक, सुट्टं: आपण काडीच्या मागे उभं राहून तिचं कोपर कसं धरलं होतं, ‘बघ, असं, ढकलायचं नाही, सोडायचं’ असं काय काय म्हटलं होतं, आणि ‘नऊ म्हणजे वाईट नाही गं, येईल हळूहळू’ हे तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. काडी तेव्हाही मान हलवत होती. भिंगरीला स्वतःचीच अशी शिसारी आली की जीभ काढून त्या बादलीत बुडवावी. पापुद्रा मामाच्या बॉलवर होता तसा तिच्यावरही चढला होता, आणि ती आठ महिने त्यालाच रंग समजत होती.

मामा तासाभराने आला. क्यू खुंटीला लावले, तीन नंबरकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, पुन्हा तीन नंबरकडे.

“कापडाला हात लावलास.”

“लावला. धुऊन लावला.”

त्याने बाकीच्या तिघींना घरी जायला सांगितलं. चष्मिस आणि पेंगूळ जिन्यात थांबल्या, काडी मात्र आपल्या टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि हलली नाही. तिला पुन्हा सांगायचा मामाला धीर झाला नाही.

मग त्याने खुर्ची ओढली आणि गोड आवाज काढला. तो आवाज भिंगरीला ओळखीचा होता. नवी मुलं आईवडिलांबरोबर पहिल्यांदा येत तेव्हा तो काढायचा. सांगायला लागला की यात फसवणूक कसली, आधी ही चूकच होती. तरुणपणी तो स्वतः त्याच टेबलावर, त्याच जागांवरून, रोज दोनशे काटकोन खेळायचा. आपला हात बसला, आपण तयार झालो, असं त्याला वाटत होतं. मग दुसऱ्या हॉलमध्ये पहिला मोठा सामना खेळला आणि लहान पोराने धुऊन काढलं. परत येऊन बघतो तर बॉलनीच वाट पाडलेली. त्याच दिवशी तो कापड बदलणार होता. पण तेवढ्यात एक रडका मुलगा शिकायला आला, त्याचे पहिल्याच आठवड्यात अकरा पडले, आणि तो हसला. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन आला. तेव्हापासून कापड राहिलं. पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतात की नाही, मामाने विचारलं, तसंच हे.

“हात काढतात पण, मामा. तू मला हात धरून शर्यतीला पाठवतोयस.”

“तिथे गेलीस की जमेल आपोआप. अंगावर पडलं की जमतं.”

“तुझं जमलं होतं?”

मामाने खिशातून खडू काढला, बघितला आणि परत ठेवला. मग त्याचा गोडवा संपला.

“इथे आलीस तेव्हा तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ताई माझ्यापुढे रडली होती. चौदा पडले म्हणून तुला वाचा फुटली, आणि तेच तोंड आता माझ्यावर चालवतेस?”

हा घाव बरोबर बसला. गोष्ट खरी होती. पहिल्यांदा चौदा पडले त्या संध्याकाळी ती घरी येताना एका अनोळखी बाईला रस्ता सांगायला स्वतःहून पुढे झाली होती. सगळं तिथून सुरू झालं होतं. मुळाशी खाच होती म्हणजे झाडही खोटंच का? तिने मान खाली घातली.

मामाला वाटलं, वळली. तो उठला, प्रेमाने तिच्या गालावर हात ठेवला आणि समजावून सांगायला लागला. आता यादी गेली आहे. रविवारी जायचं, खेळायचं, हरलीस तर टेबल अनोळखी होतं म्हणायचं, दिवा डोळ्यावर येत होता म्हणायचं. सगळेच म्हणतात. तो स्वतः वीस वर्षं म्हणत आला आहे. फक्त ताईपाशी बोलू नकोस, तिला उगाच लागेल.

हात चिकट होता. पण भिंगरीला ओकारी आली ती हाताने नव्हे. हरण्याआधीच हरल्याचं कारण तयार होतं, घडी घालून ठेवलेलं, वापरून वापरून मऊ झालेलं, आणि ते तो तिला मायेने देत होता, जुना स्वेटर द्यावा तसं. तिने त्याचा हात गालावरून काढला, हळूच, कारण तो मामा होता, आणि जिना उतरली. जिन्यातल्या दोघींना तिने काही विचारू दिलं नाही.

बसथांब्यावर तिने स्पर्धेच्या पत्रकावरचा नंबर लावला. पलीकडून बाईंनी ‘हॅलो’ म्हटलं आणि भिंगरीचा आवाज घशात अडकला, थेट जुना, हजेरीच्या वेळचा. बाईंनी दोनदा ‘हॅलो’ केलं. तिसऱ्याला त्या ठेवणार, एवढ्यात तो निघाला, किरटा आणि थरथरता, पण निघाला. तिने हॉलचं नाव सांगितलं, स्वतःचं सांगितलं, आणि विचारलं की नाव मागे घेतलं तर काय होतं. बाई म्हणाल्या की उद्या दुपारपर्यंत घेता येतं, मग फळ्यावरची दुसऱ्या क्रमांकाची मुलगी जाते. मग माझं नाव काढा, भिंगरी म्हणाली. आजारी आहेस का, असं त्यांनी काळजीने विचारलं. भिंगरी नाही म्हणाली. हो म्हणणं किती सोपं होतं हे तिला फोन ठेवल्यावर कळलं.

घरी पोचली तेव्हा तिच्याआधी मामाचा फोन पोचला होता. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी, हातात पुसायचं फडकं, आणि फडक्याला पीळ. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. घरी आल्यावरही काही बिनसलं की ओटा पुसत सुटते. बाबा शहर बस चालवतात, नुकतेच पाळीवरून येऊन पाय ताणून बसले होते.

आईने सुरुवात केली. काय बोललीस मामाला? चारचौघांत हात धुतलेस का विचारतात? बाबांना तेवढ्यात हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. आई म्हणाली की त्याने तुला माणसांत आणलं. तुला बोलती त्याने केली. त्याच्याकडे दुसरं आहे काय, तो एक हॉल, आणि तुझ्यासारख्या चार मुली जिंकल्या तर तो चालेल. एवढं कळत नाही तुला?

भिंगरीने सगळं सांगितलं. बादलीपासून. वाटा कशा दिसल्या, पेंगुळने डोळे मिटून कसे सात घातले, काडीला काय दम दिला होता. तिने मध्ये मामाची बाजूही सांगितली, पोहण्याची, कारण ती न सांगणं तिला बरोबर वाटेना. बाबा पुढे सरकून बसले. काडीचा दम ऐकल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्या मुलीच्या घरी हे माहीत आहे का. आई ओटा पुसत राहिली. पुसून झालेला ओटा.

“ताई म्हणून हाक मारून रडतच होता फोनवर,” ती शेवटी म्हणाली, पाठमोरीच. “म्हणाला, तिला समजाव, रविवार एवढा निभावू दे. मग कापड बदलतो म्हणाला.”

“बदलेल?”

आईने ओटा पुसणं थांबवलं. फडकं झटकलं, वाळत घातलं, आणि वळून लेकीसमोर खुर्चीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर तीच शिसारी होती जी दिवसभर भिंगरीच्या पोटात होती. पण ती कुणाची, भावाची की लेकीची की स्वतःची, हे सांगता येत नव्हतं. निदान मुख्याध्यापकांना आजारपणाची चिठ्ठी देऊ या, आई म्हणाली. नाव गेलं तर गेलं, पण निमूट जाऊ दे. कारण कुणाला कळायची गरज नाही, त्याचा हॉल रिकामा पडेल. बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. ती उभीच होती, आणि आश्चर्य म्हणजे पाय हलत नव्हते.

“चिठ्ठी नको,” भिंगरी म्हणाली. “नाव मी घेतलंय मागे, काडी जाईल. उद्या प्रार्थनेनंतर मी माइक मागणार आहे. तिथे माझे चौदा सांगितलेत, तर माझे तीनही तिथेच सांगायचे, सहाशे जणांना, त्यांनी टाळ्या वाजवल्यात. मामाचं नाव मी स्वतःहून घेणार नाही, आई. पण चौदाचे तीन कसे झाले असं कुणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.”